देवगिरीचा हिशेबनीस आणि १, २, ३, ६, १०, १९

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना पडलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजची सुरुवात माफीने.

मागच्या एपिसोडमध्ये बोलण्याच्या भरात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: "फिबोनाचीने ही अंकमालिका आपल्याकडूनच उचलली." तेवढाच तुकडा कापून कुणीतरी रील केली. ती एवढी फिरली की माझ्या मामाने फॅमिली ग्रुपवर मलाच पाठवली, वर "बघ, काहीतरी शिक" असं लिहून. आणि मग एका श्रोत्याचा मेल आला. एकच ओळ. "ताई, पुरावा काय?"

पुरावा शोधायला बसले. नाही सापडला. कारण तो नाहीच. म्हणून ते वाक्य मी मागे घेते.

जे पक्कं माहीत आहे ते सांगते. पिसाचा लिओनार्डो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघायचे. आजच्या अल्जीरियात येतं ते. पोरगा तिथे भारतीय अंक शिकला. १२०२ मध्ये त्याने 'लिबेर आबाची' हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की हे नऊ अंक भारतीयांचे आहेत. म्हणजे ज्याचं श्रेय द्यायचं होतं ते माणसाने स्वच्छ दिलंय. त्याच ग्रंथात सशांचं ते प्रसिद्ध गणित आहे: सशांची एक जोडी, दर महिन्याला नवी जोडी, नवी जोडी एक महिना थांबून मग वीत जाते, तर वर्षाअखेर किती? उत्तर ३७७ जोड्या. पण हे गणित भारतातून तिकडे गेलं असं दाखवणारा एकही कागद नाही. आणि "फिबोनाची संख्या" हे नावही त्याने ठेवलेलं नाही. ते एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने रूढ केलं.

दोन वेगवेगळ्या टीममधल्या दोन माणसांनी एकसारखं फंक्शन लिहिलेलं मी ऑफिसात कितीदा पाहिलंय. दर वेळी कुणी कुणाचं ढापलेलं नसतं. प्रश्न सारखा असला की उत्तर सारखं येतं.

पण हे शोधता शोधता मला जे सापडलं ते त्या रीलपेक्षा खूप मोठं होतं. आणि ते पिसात नव्हतं, माझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर होतं. तिथे पोचायच्या आधी माझी एक फजिती सांगते, कारण आजची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला एका कंपनीचा इंटरव्ह्यू होता. कंपनीचं नाव जाऊ दे. प्रश्न असा: जिन्याला एन पायऱ्या आहेत, एका वेळी एक किंवा दोन चढता येतात, तर वर जायचे मार्ग किती? मी पाठ केलेलं होतं. मागच्या दोन संख्यांची बेरीज, एक लूप, पाच ओळींचा कोड. खुशीत लिहून दिला. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "बेरीज का?" मी म्हटलं, "फिबोनाची आहे ना मॅडम." त्या म्हणाल्या, "ते नाव झालं. बेरीज का होते?" आणि लगेच पुढचा प्रश्न: "आता एक, दोन, चार किंवा सहा पायऱ्या चढता येतात. सांगा." मी गार. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

तो एक-दोन-चार-सहा लक्षात ठेवा.

आता कवितेकडे वळते. आपल्याकडे छंदात लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराची दोन. "क" लघु, "का" गुरू. आपण बोलताना "राम" चा शेवटचा अ गिळतो, पण छंदात "रा" आणि "म" दोन्ही मोजायचे. तर तीन मात्रांचे शब्द किती प्रकारचे असू शकतात? "सखी" म्हणजे लघु-गुरू. "राम" म्हणजे गुरू-लघु. "कमळ" म्हणजे तिन्ही लघु. बस, तीनच. चौथा प्रकार नाही. चार मात्रांचे? "राधा", "कविता", "गणेश", "भारत", "अवघड". पाच. बोटांवर मोजून बघा, पॉज करा हवं तर.

पाच मात्रांचे किती? इथे त्या बाईंचा "का" येतो. पाच मात्रांची कुठलीही रचना घ्या आणि फक्त शेवटचं अक्षर बघा. ते लघु असेल, तर त्याच्या आधी चार मात्रा आहेत, आणि त्या पाच प्रकारे येऊ शकतात. ते गुरू असेल, तर आधी तीन मात्रा उरल्या, त्या तीन प्रकारे. तिसरी शक्यताच नाही, आणि एकच रचना दोन्ही गटांत येऊ शकत नाही. म्हणून पाच अधिक तीन, आठ. झालं. संपूर्ण सिद्धता एवढीच आहे, शेवटच्या अक्षराकडे बघणं. इंटरव्ह्यूत मला एवढं वाक्य सुचलं असतं तर!

हे पहिल्यांदा स्पष्ट लिहिलेलं सापडतं ते विरहांक नावाच्या कवीच्या 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत छंदग्रंथात. अभ्यासक त्याचा काळ साधारण सहावं ते आठवं शतक धरतात. प्राकृतात का, तर मात्रा मोजायची वृत्तं ही मुख्यतः प्राकृताची दौलत. जुन्या संस्कृत वृत्तांत अक्षरं मोजायची, आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू म्हटलं की उत्तर दोनाचा घात येतं: २, ४, ८, १६. ते पिंगलाने फार आधी सोडवलं होतं. अक्षरांऐवजी वेळ मोजायला लागल्यावर ही नवी मालिका जन्मली. पुढे गोपाळ नावाच्या टीकाकाराने विरहांकावर भाष्य करताना १, २, ३, ५, ८, १३, २१ असे आकडे देऊन दाखवलं, आणि मग ११५० च्या सुमाराला गुजरातेत पाटणला हेमचंद्रसूरींनी हाच नियम सांगितला: शेवटची आणि तिच्या आधीची मिळवा, पुढची येईल. १२०२ च्या अर्धशतक आधी.

इथे एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. प्रा. ह. दा. वेलणकर. मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायचे. विरहांकाचा हा ग्रंथ गोपाळाच्या टीकेसकट संपादित करून जगापुढे ठेवला तो त्यांनी. हेमचंद्रांचं 'छन्दोनुशासन'ही त्यांनीच संपादित केलं. हस्तलिखितं वाचायची, पाठ जुळवायचे, सूची करायच्या, आयुष्यभर हेच. त्यांनी ते छापलं नसतं तर १९८५ मध्ये बिहारमधल्या हाजीपूरच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक परमानंद सिंह यांना 'हिस्टोरिया मॅथेमॅटिका' या जर्नलमध्ये तो प्रसिद्ध लेख लिहिणं अवघड गेलं असतं. "फिबोनाचीच्या आधी भारतात" हा जो सगळा फॉरवर्ड फिरतो ना, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा लेख आहे. पण त्या फॉरवर्डमध्ये या दोघांपैकी कुणाचंच नाव नसतं. माझ्या मागच्या एपिसोडमध्येही नव्हतं. चोरीची बोंब मारायला मला वेळ होता.

आता घराजवळची गोष्ट.

मी वाढले छत्रपती संभाजीनगरात. शाळेची सहल म्हणजे दौलताबाद, हे ठरलेलं. तो काळोखा भुयारी मार्ग, वटवाघळं, आणि मग पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. गाइड आम्हाला तोफा दाखवायचा, खंदक दाखवायचा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, हे देवगिरी असताना, इथल्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा माणूस होता, हे कुठल्याही गाइडने सांगितलं नाही. आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेव पेशाने राजाच्या हिशेबखात्याचा प्रमुख. आणि लिहिलं काय? 'संगीतरत्नाकर'. भारतीय संगीतावरचा असा ग्रंथ, की हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही परंपरा त्याला आपला मानतात. सात अध्याय आहेत, त्यातला पाचवा तालाचा.

त्यात १२० देशी ताल नावानिशी दिलेत. ही यादी पुढे इतकी लांब गेली की विसाव्या शतकात ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराने तिच्यातले ताल आपल्या रचनांत वापरले. पण हिशेबनिसाचं मन यादीवर भरत नाही. त्याला पडलेला प्रश्न वेगळा: नाव असलेले १२०, ठीक आहे, पण मुळात होऊ शकतात किती?

त्याच्या तालाचे तुकडे चार. द्रुत, लघु, गुरू, प्लुत. द्रुत सगळ्यांत छोटा. लघु त्याच्या दुप्पट, गुरू चौपट, प्लुत सहापट. (आज तबल्यावर आपण जो तीनताल किंवा रूपक ऐकतो, त्याच्याशी याची गल्लत करू नका. ती व्यवस्था वेगळी.) म्हणजे द्रुताच्या मापात लांब्या झाल्या एक, दोन, चार, सहा.

हो. एक, दोन, चार, सहा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री साडेअकराला एकटीच मोठ्याने हसले. माझा इंटरव्ह्यू शार्ङ्गदेवाने साधारण आठशे वर्षांपूर्वी पास केला होता.

युक्ती तीच. शेवटचा तुकडा बघा. तो द्रुत असेल तर एकने कमी लांबीचे जितके ताल, तितके. लघु असेल तर दोनने कमी. गुरू असेल तर चारने, प्लुत असेल तर सहाने. चारही मिळवा. शार्ङ्गदेव हेच सांगतो: आधीच्या रांगेतली शेवटची, शेवटून दुसरी, शेवटून चौथी आणि शेवटून सहावी संख्या यांची बेरीज करा. रांग अशी येते: १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६०, १०६, १९१. फक्त दहा द्रुतांच्या लांबीलाच १९१ ताल. म्हणजे नावं असलेले १२० कधीच मागे पडले.

कोड लिहिणाऱ्यांसाठी यात एक फार गोड जागा आहे. रांगेत चौथी संख्या काढायची म्हणजे हाताशी आहेत १, २, ३. शेवटची ३, त्याआधीची २, आणि शेवटून चौथी? ती नाहीच. आपण असतो तर "शून्य लांबीचा एक ताल" असं गृहीत धरून ॲरेच्या सुरुवातीला आणखी एक १ ठेवला असता. शार्ङ्गदेव तसं करत नाही. तो वेगळा नियम देतो: चौथी नसेल तर तिसरी घ्या, सहावी नसेल तर पाचवी घ्या. करून बघा. ३ अधिक २ अधिक १, सहा. आणि हाताने मोजले तर चार द्रुतांचे ताल सहाच भरतात: एक गुरू, दोन लघु, द्रुत-द्रुत-लघु, द्रुत-लघु-द्रुत, लघु-द्रुत-द्रुत, आणि चार द्रुत. हा सरळ सरळ एज केस आहे. सिंघणाच्या हिशेबखात्यात टेस्टिंग चोख होतं म्हणायचं.

बरं, नुसतं "किती" यावर ही मंडळी थांबत नाहीत. छंदशास्त्रात सगळ्या रचना एका ठरलेल्या क्रमाने मांडतात, त्याला प्रस्तार म्हणतात. मग दोन प्रश्न येतात. रचना दिली तर तिचा नंबर काय, हे उद्दिष्ट. नंबर दिला तर रचना काय, हे नष्ट. पूर्ण यादी न लिहिता काढायचं. वाळूत लिहिलेली यादी पुसली गेली तरी हवी ती ओळ परत मिळाली पाहिजे. आपल्या भाषेत, डेटाबेस न ठेवता इंडेक्सवरून रेकॉर्ड तयार करायचं. शार्ङ्गदेवाने तालांसाठीही हे दोन्ही सोडवलंय, पण मी मात्रांचं दाखवते, ते छोटं आहे.

मघाशी चार मात्रांचे शब्द मी मुद्दाम प्रस्ताराच्या क्रमाने घेतले होते: राधा, कविता, गणेश, भारत, अवघड. आता समजा यादी हरवली आणि तिसरी रचना हवी आहे. चार लघु शेजारी शेजारी लिहा, त्यांच्याखाली १, २, ३, ५. एकूण ५ मधून हवा तो नंबर ३ वजा करा, उरले २. आता उजवीकडून डावीकडे या आणि उरलेल्यातून जी संख्या वजा होते ती करा. ५ जात नाही. ३ जात नाही. २ जाते, उरलं शून्य. जिथे वजा झाली तो लघु त्याच्या उजव्या शेजाऱ्याला जोडा आणि दोघांचा एक गुरू करा. काय मिळालं? लघु, गुरू, लघु. गणेश.

पहिल्यांदा करताना मला ही जादू वाटली. जादू नाही, त्यात एक प्रमेय लपलंय: कुठलीही पूर्ण संख्या या मालिकेतल्या, एकमेकींच्या शेजारी नसलेल्या संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि एकाच प्रकारे. शेजारच्या दोन का नकोत? कारण एक लघु दोन गुरूंमध्ये वाटून घेता येत नाही! आज हे झेकेनडॉर्फचं प्रमेय म्हणून शिकवतात. झेकेनडॉर्फ हा बेल्जियमच्या सैन्यातला डॉक्टर, गणित त्याचा छंद, त्याचा लेख १९७२ चा. प्रमेय म्हणून मांडून सिद्ध करणं हे काम आधुनिक गणिताचं, ते आपल्या खात्यात टाकू नका. पण त्यावर चालणारी रीत आपले छंदशास्त्री वापरत होते, हे खरं.

शार्ङ्गदेवानंतर शंभरेक वर्षांनी, १३५६ मध्ये, नारायण पंडित 'गणितकौमुदी' लिहितो आणि दार सताड उघडतो. शेवटच्या दोनच का? तीन मिळवा, चार मिळवा, हव्या तितक्या मिळवा. अशा रांगेला तो सामासिकी पंक्ती म्हणतो. त्याचं एक कोडं मला सशांपेक्षा जास्त आवडतं. एक गाय दर वर्षी एक कालवड देते. प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून दर वर्षी एक कालवड द्यायला लागते. वीस वर्षांनी कळपात किती? उत्तर २७४५. इथे शेवटची आणि शेवटून तिसरी मिळवायची: १, २, ३, ४, ६, ९, १३, १९. गंमत म्हणजे मात्रावृत्तात दोनच तुकडे ठेवले, एक मात्रेचा आणि तीन मात्रांचा, तरी हीच रांग येते. गायींचा कळप आणि कवितेची ओळ, मोजणी एकच. टॉम जॉन्सन या अमेरिकन संगीतकाराने १९८९ मध्ये या गायींवर एक रचनाच केली, तिचं नावही 'नारायणाच्या गायी'. ऐकून बघा, कळप वाढताना चक्क ऐकू येतो.

तर मामाच्या ग्रुपवर मी आता काय लिहू? "आपली मालिका त्याने चोरली" असं म्हटलं की मला वाटतं आपण आपलंच कमी करून सांगतो. जणू इथे एकच रांग होती, १, १, २, ३, ५, आणि ती कुणीतरी पळवली. इथे रांगा ढीगभर होत्या. अक्षरांची एक, मात्रांची दुसरी, तालांची तिसरी, गायींची चौथी. तुकडे बदला, रांग बदलते. एकाच रांगेच्या सात-बाऱ्यावर नाव चढवण्यासाठी भांडायचं, आणि १, २, ३, ६, १०, १९ ही देवगिरीची रांग कुणाला माहीतही नाही. पुस्तकात "हेमचंद्र संख्या" छापावं का, असं मला विचाराल तर जरूर छापा. पण मग विरहांकाने काय पाप केलंय?

आणखी एक योगायोग, निव्वळ योगायोग. ज्या काळात शार्ङ्गदेव देवगिरीत हिशेब बघत होता, त्याच काळात, १२४० च्या सुमारास, पिसाच्या नगरराज्याने म्हाताऱ्या लिओनार्डोला वार्षिक मानधन बांधून दिलं. कशाबद्दल? शहराच्या हिशेबात सल्ला दिल्याबद्दल. दोन हिशेबनीस. एकाने ससे मोजले, एकाने ताल. एकमेकांचं नावही त्यांनी ऐकलं नसेल.

गेल्या महिन्यात घरी गेले होते तेव्हा भावाला घेऊन परत किल्ला चढले. मध्येच एका वळणावर धाप लागली म्हणून बसलो, तर वहीत सात द्रुतांचे ताल हाताने लिहायला घेतले. यायला हवेत ३३. माझे भरले ३२. भाऊ म्हणाला, तुझा शार्ङ्गदेव चुकला. खाली उतरेपर्यंत वाद चालला. पार्किंगमध्ये आल्यावर सापडला राहिलेला: लघु, द्रुत, गुरू.